बंगळूरच्या नकाशाचं शेपूट

मला घरी पोचवलं ते मास्तरांनी. पोलिसांनी नाही, कोर्टानं नाही, आणि ज्यांनी हाताला धरून गाडीत बसवलं त्या मामांनीही नाही. हे आधीच सांगून टाकतो. मी फारसा शिकलेला माणूस नाही. बेळगावात तिसरी अर्धी टाकली, आणि पुढचं जे काही शिक्षण झालं ते बंगळूरच्या मुलांच्या सुधारगृहात, कुंपणाच्या आत. सांगता सांगता मी भलतीकडे जातो आणि ज्याच्याबद्दल सांगायचं तो माणूस मागेच राहतो. तसं व्हायला नको.

मास्तरांचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या नावाशेजारी माझं नाव आलं की लोक विचारतील, "तू यांना कुठं भेटलास?" त्या प्रश्नाला मी अजून भितो.

दिसायला मास्तर म्हणजे काड्यांवर चढवलेला कोट. बंद गळ्याचा काळा कोट, खाली धोतर, डोक्यावर जरीकाठी पेटा, आणि पायांत टायरच्या सोलचे बूट. पेटा रोज नीट बांधलेला असे. कोटाचं वरचं बटण मात्र कधी लावलेलं नसे, कारण लावलं की त्यांना खोकला येई. त्यांच्या घराण्यातलं कोणी तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण ती अशी, की पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं हे माझी थट्टा करतायत. "स्वल्प तिकडं सरका की," म्हणत. काही पटलं की "सरी, सरी." मोठ्या बहिणीला अक्का, धाकट्या भावाला तंबी. पण मला चार महिने कानावर मराठी पडलेली नव्हती. ती मोडकीतोडकी भाषा ऐकून मला रडू आलं होतं.

मी मराठी आहे हे त्यांनी कसं ओळखलं? कागदावर मी खोटंच सोलापूर लावलं होतं, आणि तिथं कानडी बोलणारेही पुष्कळ. वर्गात त्यांनी कानडीतून बेरीज घातली होती. मी ओठांतल्या ओठांत मोजत होतो. ते माझ्यामागे येऊन थांबले आणि हळूच म्हणाले, "सात आणि आठ पंधरा, हातचा एक. बरोबर. माणूस बोलतो कुठल्याही भाषेत, मोजतो मात्र आईच्या. आमच्यातलेच की तुम्ही!"

'तुम्ही.' मला. बारा वर्षांच्या, डोक्यावरचे केस उवांपायी भादरलेल्या पोराला. आम्हाला तिथं सगळे नंबरानं हाका मारत. मास्तर प्रत्येकाला अहो-जाहो करत. कानडी मुलांना 'नीवु', दखनी बोलणाऱ्यांना 'आप', आणि मला 'शंकरराव'. माझं नाव शंकर नव्हतं. ते मी मॅजिस्ट्रेटसमोर घाबरून सांगितलेलं खोटं नाव. त्यामुळे मास्तर जितक्या आदरानं 'शंकरराव' म्हणत, तितकं मला आत टोचत असे.

पण त्यांचं मुख्य वेड वेगळंच होतं. वर्गाच्या दाराशी आले की ते थांबत, बूट काढत आणि विचारत, "बरला?" म्हणजे येऊ का? आम्ही पोरं ओरडायचो, "बन्नी, सार!" मग ते आत येत. रोज. एक दिवस चुकला नाही. सुपरिंटेंडंट साहेबांनी एकदा विचारलं म्हणे, की मास्तर, ही काय पद्धत? तर म्हणाले, "साहेब, इथं राहतात ती मुलं. मी बाहेरनं येतो. दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं कसं?"

आमच्यात एक पोरगा होता, बंगळूरच्याच शिवाजीनगरचा. कुठलंही कुलूप तारेनं उघडायचा म्हणून सगळे त्याला चाबी म्हणत. एक दिवस मास्तरांनी "बरला?" विचारलं आणि चाबी बाकावर उभा राहून म्हणाला, "नक्को आव मास्टर! आज नक्को!" सगळा वर्ग खदखदून हसला. मास्तर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "सरी," म्हणाले, आणि बूट हातात घेऊन गेले. आम्हाला वाटलं, सुटलो. पाहतो तर खिडकीबाहेर उभे. गजांतून त्यांनी अख्खा तास भागाकार शिकवला. डोक्यावर ऊन. वॉर्डरनं स्टूल आणलं, म्हणाला, "आत जा की हो सार, पोरांचं काय ऐकता!" मास्तर म्हणाले, "आत बोलावलेलं नाही." आणि पुढचं गणित घातलं. त्या दिवशी वर्गात जितकी शांतता होती तितकी मी पुन्हा कधी अनुभवली नाही. दुसऱ्या दिवशी चाबी स्वतः दार धरून उभा. "आव जी, आव. मेहरबानी करके आव. तुमे बाहर खडे तो मेरेकू अंदर गरमी होती."

आता मी तिथं कसा पोचलो ते सांगायला हवं.

वडील मी लहान असतानाच गेले. आई आणि मी मामांकडे राहत होतो. मामांचं शिवणाचं दुकान. शाळा सुटली तशी मी तिथंच बसू लागलो. काजं करायची, बटणं लावायची, कोळशाची इस्त्री फुलवायची. एका लग्नाच्या आदल्या दिवशी दुकानात मी एकटा होतो आणि नवरदेवाच्या कोटाच्या बरोबर पाठीवर इस्त्री ठेवून मी रस्त्यातली वरात बघत राहिलो. वास आला तेव्हा उशीर झाला होता. पाठीवर तिकोनी काळा डाग. मामा मारकुटे नव्हते, पण त्यांचं तोंड तेव्हा कसं होईल ते मी मनातल्या मनात पाहिलं आणि उठलो. सरळ स्टेशन गाठलं. जी गाडी होती तीत चढलो. बंगळूरच्या अलीकडे यशवंतपूरला तिकीट तपासनिसानं उतरवलं. तिथं मालधक्क्यावर शेंगांच्या पोत्यांना भोकं पाडणारी दोन पोरं होती. त्यांच्याबरोबर मी शेंगा खाल्ल्या आणि त्यांच्याबरोबरच पकडला गेलो. मॅजिस्ट्रेटनं नाव विचारलं, मी शंकर म्हणालो. गाव? सोलापूर. आईबाप? नाहीत.

आईबाप नसलेल्या पोराला पाठवायचं कुठं? अठरा वर्षं पुरी होईपर्यंत सुधारगृहात. म्हणजे सहा वर्षं. हे मला उशिरा कळलं, आणि तोवर खरं सांगायचीही भीती वाटू लागली होती. चाबीनं सांगितलं होतं, "कोर्ट को झूठ बोल्या बोले तो और कडक जागे पे भेजते." त्यामुळे मी गप्प होतो. बेळगावात आईला मी जिवंत आहे की मेलो तेही ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं तर आणखी शिक्षा, मिटून ठेवलं तर आईला मी मेल्यात जमा.

मास्तर भूगोल शिकवत तो असा. पुस्तकं आली नव्हती. आली तरी त्यातल्या नद्या आमच्या काय कामाच्या? त्यांनी खाकी कागद आणले, जेवणात उरलेलं मुद्दं, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, पातळ करून खळ केली आणि कागद एकमेकांना चिकटवून भिंतीएवढी एक चादर बनवली. मधोमध एक चौकोन काढला. "हे आपलं गेट. आता बाहेर पडा. डावीकडं वळलो. काय दिसतं?"

नियम एकच. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच नकाशावर. ऐकीव माल चालणार नाही.

आणि मग काय सांगू, त्या वर्गात शहराचे खरे जाणकार बसले होते! कोणी मेजेस्टिकच्या बाजूचा, कोणी कलासीपाळ्यमचा, कोणी कंटोन्मेंटचा. कुठल्या बेकरीमागे ऊब असते, कुठल्या नळाला दुपारी पाणी येतं, कुठल्या कोपऱ्यावरचा पोलीस ढेरपोट्या, त्याला धावता येत नाही, सगळं नकाशावर आलं. जिथं मार खाल्ला तिथं फुली. एका पोराच्या वाटेवर इतक्या फुल्या झाल्या की मास्तर म्हणाले, "अहो, स्वल्प दुसऱ्या रस्त्यानं जात चला."

मास्तरांनाही सूट नव्हती. त्यांनी आपलं घर काढायला कोळसा उचलला तर चाबीनं अडवलं. "ठैरो. घर के सामने क्या है?"

"पिठाची गिरणी."

"गिरणीवाले का नाम?"

मास्तरांना आठवेना. वीस वर्षांचा शेजार. पोरांनी त्यांना घर काढू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नाव विचारून आले तेव्हाच काढू दिलं.

माझी पाळी आली की मी मान खाली घालत असे. मी बंगळूर पाहिलंच नव्हतं. नकाशा वाढत वाढत एक दिवस वरच्या कडेला यशवंतपूरला पोचला. मास्तर म्हणाले, "हे मात्र शंकररावांचं. सांगा."

मी स्टेशन काढलं. मालधक्का काढला. शेंगांचं पोतं काढलं. पोरं हसली. मास्तर म्हणाले, "पुढं?"

"पुढं रूळ."

"रूळ कुठं जातात? पाहिलंय?"

पाहिलं होतं. येताना मी प्रत्येक स्टेशन मोजत आलो होतो, परत जाताना उलटं मोजता यावं म्हणून. कागद संपला होता. मास्तरांनी वर्तमानपत्राची एक पट्टी वर चिकटवली, मग दुसरी, मग तिसरी, आणि मी कोळशानं लिहीत सुटलो. तुमकूर. तिपटूर. अर्सीकेरे. बिरूर. दावणगेरे. हावेरी. हुबळी. धारवाड. लोंढा. पट्टी भिंतीवरून दाराच्या चौकटीपर्यंत चढली. मी बाकावर उभा राहिलो. बेळगाव. मास्तर विचारत होते आणि मी भान नसल्यासारखा बोलत होतो. "स्टेशनातनं बाहेर आलं की टांगे. सरळ गेलं की चिंचेचं झाड. मग कुंकवाचं दुकान, त्याला लागून शिंप्याचं. मागं तिसरं दार आमचं. पायरी फुटकी आहे. तिथं आई तांदूळ निवडत..."

मी थांबलो. सोलापूरच्या अनाथ पोरानं हे बोलायला नको होतं.

वर्गात कोणाला काही कळलं नाही. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, कोट झटकला आणि म्हणाले, "आज इतकंच. स्वल्प ऊन झालं."

दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. "काल तुम्ही मला एका गावाला नेलंत. मी गेलो, बघून आलो. कुणाला काही बोललेलो नाही. पत्र टाकणं माझ्या हातात आहे, पण गाव तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा."

मी काहीच म्हणालो नाही. किती दिवस? पंधरा तरी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फक्त 'शंकरराव' म्हणताना ते आता एक क्षण थांबत.

मग दोन मोठी पोरं भिंतीवरून पळाली. झडती सुरू झाली. बाक उलटे झाले, गाद्या फाडल्या, आणि भिंतीवरचा नकाशा साहेबांच्या नजरेस पडला. तोवर तो कोणी निरखून पाहिलाच नव्हता. गेट, गल्ल्या, पोलीस कुठं उभा, कुठला पोलीस पळू शकत नाही... आता तुम्हीच सांगा, त्यांनी काय समजायचं? साहेब वाईट माणूस नव्हते. वरून त्यांना जाब द्यायचा होता.

सगळ्या वर्गाला उभं केलं. मास्तरही आमच्याच रांगेत येऊन उभे राहिले.

"मास्तर, हा भूगोल?" साहेब कानडीत म्हणाले.

"भूगोलच, साहेब."

"आणि हे शेपूट? पळून गेल्यावर कुठली गाडी धरायची, त्याची यादीच दिसते. कोणी काढलं? ज्यानं काढलं तो आजच मोठ्या मुलांच्या कडक शाळेत जाईल."

मास्तर म्हणाले, "मी काढलं."

साहेबांनी चष्मा पुसला. "तुमचं अक्षर मी रोज हजेरीवर पाहतो. हे अक्षर तिसरीतल्या पोराचं आहे."

"बाकावर चढून लिहिलं. हात कापत होता."

"मास्तर, तुम्ही खोटं बोलताय."

"सरी," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण काढलं मीच."

"मग उद्यापासून येऊ नका. मला तसं वर लिहावं लागेल."

मास्तरांनी मान हलवली आणि कोपऱ्यातले बूट उचलले. बस, इतकंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो, मनात म्हणालो असतो की बघा, हे मला भरीला घालतायत. ते दाराकडे निघाले, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस निघाला की या वर्गात परवानगी मागून शिरणारं कोणीच उरणार नाही.

"साहेब, मी काढलं," मी म्हणालो. मराठीतच म्हणालो. मास्तर थबकले. "ती घरची वाट आहे. माझं नाव शंकर नाही."

मग जे बाहेर पडलं ते थांबेना. मास्तर एकेक वाक्य कानडीत सांगत होते, आणि सांगताना त्यांचाही आवाज फाटत होता, कारण वरचं बटण त्या दिवशी झडतीच्या धांदलीत त्यांनी चुकून लावलं होतं. कोट, डाग, मामा, आई, फुटकी पायरी. साहेब त्या शेपटापाशी गेले आणि मान वर करून एकेक स्टेशन वाचू लागले.

"कोर्टाला खोटं नाव सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

मी रडत होतो. मास्तर म्हणाले, "सांगितलं खरं. पण साहेब, पळून जाणाऱ्याला नकाशा लागत नाही, तो कुठंही जातो. नकाशा लागतो परत जाणाऱ्याला. आता खरा पत्ता मिळतोय तर लिहून घ्या. स्वल्प हळू सांगतो तो."

साहेबांनी खिशातून पेन काढलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले, "बरला?" विचारलं, आत येऊन हजेरी उघडली आणि गंभीरपणे म्हणाले, "शंकरराव आपल्यातून गेले. त्यांच्या जागी आज एक नवे विद्यार्थी आले आहेत. सर्वांनी उभं राहून त्यांना नमस्कार करा." सगळे उभे राहिले. चाबी माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, "शंकर किधर गया रे?" मास्तर म्हणाले, "भूगोलात गेला." मग त्यांनी माझं खरं नाव हाक मारून वाचलं, मागे 'राव' लावून. कित्येक महिने मी ते नाव ऐकलं नव्हतं. मी 'हजर' म्हणालो ते कोणाला ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं.

आईला पत्र मीच लिहायचं असा त्यांचा हट्ट. कार्ड समोर ठेवलं आणि नकाशाचाच नियम लावला: डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच. 'मी खुशाल आहे' लिहिलं तर म्हणाले, "खुशाली दिसते कुठं? दिसतं ते लिहा." मग मी लिहिलं, की इथं एक फणसाचं झाड आहे. मी दोन वेळा जेवतो. माझे केस वाढले आहेत. मास्तर दाराशी येऊन विचारतात, येऊ का. मला कोटाचं सगळं आठवतं. एवढ्याला चार दिवस लागले. आईनं ते कार्ड पुढं कितीतरी वर्षं डब्यात ठेवलं. ती म्हणे, "खुशाल आहे असं लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला नसता. केस वाढले म्हणालास, तेव्हा कळलं, हा माझाच."

मामा स्वतः आले. ऑफिसात मला पुढं उभं केलं. मी खाली मान घालून म्हणालो, "मामा, कोट..."

"कोट?" मामा म्हणाले. "कोट काय, रातोरात पाठ उसवून दुसरी बसवली मी. पण तू असा उसवून गेल्यावर तुला कुठनं शिवू रे, मूर्खा?" आणि त्यांनी तिथंच, साहेबांच्या टेबलासमोर, माझा सदरा ओढून सरळ केला. रडायचं नसलं की मामा समोरच्याचे कपडे नीट करतात.

कोर्टानं मला मामांच्या ताब्यात दिलं. निघताना मास्तर गेटाशी आले नाहीत. त्यांचा तास चालू होता.

अठराव्या वर्षी मी पुन्हा बंगळूरला आलो, स्वतःच्या पायांनी. बेळगावात दुकान एक आणि शिवणारे तिघे झाले होते, काम पुरेना. इथं मल्लेश्वरमला एका टेलरिंगच्या दुकानात कटर आहे. घर लांब पडतं. अजून आईची आठवण आली की स्टेशनं मोजतो. मास्तर आता निवृत्त. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, पेटा नातू बांधून देतो. रविवारी मी जातो तेव्हा ते माझ्या बोटांवरून हात फिरवतात, सुईचे घट्टे मोजतात आणि म्हणतात, "सरी. काम चाललंय."

एकदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. म्हणाले, "माझ्यानं आता तिकडं सुधारगृहात जाववत नाही. रविवारी दुपारी मुलं नुसती बसून असतात. तुम्ही जा. काजं शिकवा, नाहीतर नुसते बसा त्यांच्यात. साहेबांशी मी बोललोय." मी "हो" म्हणालो. बोलायला काय जातं!

तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा समोरच्या फुटपाथवरून परत फिरलो. दुकानात कोणाला माहीत नाही. मालक समजतात मी बेळगावच्या शाळेत शिकलो. त्यांनी माझ्यासाठी एक स्थळही पाहिलंय. गेटातून आत जाताना कोणी पाहिलं तर? वॉर्डरनं ओळखून जुन्या नंबरानं हाक मारली तर? मास्तर विचारतात, "गेला होतात?" मी म्हणतो, या रविवारी गिऱ्हाईक होतं. ते म्हणतात, "सरी, सरी." पुढं काही विचारत नाहीत. बारा वर्षांचा असताना मी पंधरा दिवस गप्प राहिलो होतो, तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं. तेव्हा मी पोर होतो. आता तेवीस वर्षांचा घोडा आहे.

म्हणून हे लिहायला घेतलं. मास्तर, हे तुम्हाला नातू वाचून दाखवेल. गेल्या रविवारी गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या आधीच्याही नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी फेडलेलं नाही, आणि तुम्हाला कोट शिवून देऊन ते फिटणारही नाही, तुम्ही तो घेणारही नाही. आधी मालकांना खरं सांगेन. मग त्या स्थळाकडच्यांना. ते नाही म्हणाले तर नाही म्हणू देत. मग सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे पिशवीत घालून मी रस्ता ओलांडेन आणि तुम्ही सोडलेला तो तास पुढं चालवीन. कुठल्या रविवारी, ते आज सांगवत नाही. अजून भीती वाटते. पण मी जाईन, मास्तर. तुमचे डोळे पुरते जायच्या आत जाईन, आणि त्या मुलांनी केलेलं पहिलं काज तुमच्या बोटांखाली आणून देईन.